नली, दलाल आणि डफरीन : समुद्राच्या शाळेची गोष्ट

बचत गटाच्या बायका दर पंधरवड्याला या रेडिओवर येतात त्या लोणच्याची, कर्जाची नाहीतर सरकारी योजनेची गोष्ट घेऊन. आज आम्ही इतिहास घेऊन आलो आहोत. आम्ही काही इतिहासाच्या प्राध्यापक नाही. पण मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक अर्ज आला आणि त्याचं उत्तर द्यायला आम्हाला शंभर वर्षं मागे जावं लागलं.

अर्ज असा होता. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला बोटीवर जायचंय. म्हणजे बोटीवर अधिकारी व्हायचंय. त्यासाठी प्रवेश परीक्षा, डॉक्टरी तपासणी, मुंबईच्या खेपा, असा खर्च आहे आणि पुढे प्रवेश मिळालाच तर कॉलेजची फी काही लाखांच्या घरात. ताईंनी सुरुवातीच्या खर्चासाठी गटाकडे कर्ज मागितलं होतं.

बैठकीत क्षणभर कुणी बोललंच नाही. मग एक आजी म्हणाल्या, "बोटीवर पोरगी? आमच्या पिढीत बोटीवर पुरुष जायचे आणि आम्ही दारात बसायचो." दुसऱ्या एका मावशींचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी बोटीच्या नोकरीसाठी एका एजंटाला तीन लाख दिले. पोरगा परदेशातल्या एका बंदरात महिनाभर बसून परत आला. नोकरी नाही, पैसे नाहीत आणि घरावरचं कर्ज अजून फिटतंय. मावशी एवढंच म्हणाल्या, "आधी विचारा, पैसे कुणाच्या हातात जाणार आहेत?"

हा प्रश्न आम्हाला पटला. त्याचं उत्तर शोधताना कळलं की हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर फार जुना आहे.

आमचं गाव दाभोळ खाडीच्या काठचं. इथे जुन्या घरात पत्र्याची पेटी उघडली की एखादी नली निघतेच. नली म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक. कुठल्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला, वर्तणूक कशी होती, ते सगळं त्यात. पूर्वी हे कागद भिजू नयेत म्हणून पत्र्याच्या नळीत ठेवत, म्हणून नली म्हणायचं, असं जुनी माणसं सांगतात. रत्नागिरी जिल्ह्यातून, हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांतून, पिढ्यान् पिढ्या माणसं मुंबईला जाऊन इंग्रजांच्या आगबोटींवर चढली. कुणी डेकवर खलाशी, कुणी सुकाणू धरणारा सुखाणी, कुणी बॉयलरपुढे कोळसा ओढणारा आगवाला, कुणी भांडी आणि चूल सांभाळणारा भंडारी. खलाशांवर तांडेल, तांडेलावर सारंग.

आणि सारंगावर? सारंगावर गोरा साहेब. तिथे आपल्या माणसाची शिडी संपायची. एखादा सारंग तीस वर्षं समुद्रावर काढलेला असे. ढग बघून वारा सांगे, पाण्याच्या रंगावरून खोली सांगे. पण विशीतला गोरा मेट त्याला हुकूम देई, कारण मेटकडे सर्टिफिकेट होतं. ते मिळवायचं तर आधी उमेदवार म्हणून अधिकाऱ्यांच्या हाताखाली समुद्रावर वर्षं काढावी लागत आणि मग इंग्रजीत परीक्षा द्यावी लागे. उमेदवार म्हणून आपल्या पोरांना बोटीवर घेणारं कुणी नव्हतं. परीक्षेचं दार कागदावर उघडं, पण तिथवर जाणारी वाटच बंद.

पगारही सारखा नव्हता. हिंदुस्थानी खलाशाला लस्कर म्हणत. त्याचा करार वेगळा. त्याच कामाला गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका पगार, झोपायला जागा कमी, शिधाही वेगळा. दोन्ही महायुद्धांत हे लोक बुडणाऱ्या बोटींवर होते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातले सहा हजारांवर व्यापारी खलाशी मेले. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी वसतिगृहात त्यांचं स्मारक आहे. कधी मुंबईला गेलात तर बघून या. आपल्याकडची नावं सापडतील.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. बोटीवर जागा कोण देत असे? कंपनी थेट माणूस निवडत नसे. मधे दलाल असे, नाहीतर घाट सारंग. गावचा पोरगा मुंबईला उतरला की आपल्या गावच्या खोलीत, कुडात राहायचा. उधारीवर जेवायचा. महिनोन् महिने थांबायचा. मग दलालाच्या हातावर काहीतरी ठेवलं की बोट मिळायची. म्हणजे पहिल्या सफरीचा पगार निघायच्या आधीच गहाण. याबद्दल इतकी ओरड झाली की १९२२ मध्ये सरकारला खलाशांच्या भरतीची चौकशी करायला समिती नेमावी लागली. तरी दलाली चालूच राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात भरतीची सरकारी कार्यालयं आली, पाळीनुसार नाव लागू लागलं, तेव्हा कुठे दलालाचा हात थोडा सैल झाला.

आणि गावात काय चालायचं? गावात बायका घर चालवायच्या. भात लावायचं, गुरं बघायची, सासू-सासऱ्यांचं करायचं, मुलांच्या शाळा, पोस्टमनकडून पत्र वाचून घ्यायचं, मनीऑर्डरवर अंगठा उठवायचा आणि दुकानदाराची उधारी तोंडी लक्षात ठेवायची. वर्ष-वर्ष एकटीने. बोटीच्या नोकरीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बंदरं आणि कंपन्या मोजल्या. या बायका कुणी मोजल्या नाहीत. त्यांनी घर धरून ठेवलं नसतं तर एकही खलाशी दुसऱ्या सफरीवर गेला नसता. त्यात १९४७ च्या १७ जुलैला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून कोकणातल्या कितीतरी घरांत बोटीचं नाव काढलं की म्हाताऱ्या माणसांचा चेहरा बदलतो. आमच्या बैठकीतल्या आजींचा नकार उगाच नव्हता.

या सगळ्यात शाळा कुठून आली? ती आली मालकीच्या भांडणातून. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून त्यांनी लॉयल्टी नावाची बोट घेतली आणि ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली. आज ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो त्यासाठी. पण एक गंमत बघा. बोट हिंदी, मालक हिंदी, खलाशी हिंदी, आणि वरचे अधिकारी मात्र गोरे. कारण सर्टिफिकेट असलेले हिंदी अधिकारी जवळजवळ नव्हतेच. घर आपलं, पण चावी दुसऱ्याच्या कमरेला.

हे नेत्यांना खटकलं. १९२२ मध्ये सर शिवस्वामी अय्यर यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात हिंदी व्यापारी जहाजवाहतुकीबद्दल ठराव मांडला. १९२३ मध्ये समिती बसली. रॉयल इंडियन मरीनचे संचालक कॅप्टन हेडलम तिचे अध्यक्ष. हिंदी पोरांना समुद्र झेपणार नाही, चांगल्या घरची मुलं येणार नाहीत, असे आक्षेप त्या काळी घेतले जात. ज्यांच्या हाताखाली हजारो कोकणी आणि बंगाली खलाशी राबत होते त्यांनीच हे म्हणावं! पण समितीने शिफारस केली की मुंबईत शिक्षणासाठी एक जहाज ठेवा.

ते जहाज म्हणजे डफरीन. सैन्य वाहून नेणारी जुनी बोट. ती माझगावसमोर नांगरून ठेवली आणि डिसेंबर १९२७ मध्ये तिच्यावर पहिली तुकडी आली. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. गणित, भूगोल, तारे बघून जागा काढणं, होड्या वल्हवणं, दोर विणणं आणि सकाळी उठून डेक घासणं. जे काम आपले खलाशी पिढ्यान् पिढ्या करत होते तेच. फरक एवढाच की हे काम करून वर जाता येत होतं. त्या पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी पुढे नौदलात गेले आणि १९५८ मध्ये भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. झेपणार नाही म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं उत्तर लागत नाही.

डफरीन हे नाव ऐकून विदर्भातल्या किंवा सोलापूरच्या मैत्रिणी म्हणतील, ते तर बाळंतपणाचं इस्पितळ! अमरावतीला, सोलापूरला डफरीन म्हणजे तेच. त्याचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. लॉर्ड डफरीन व्हाइसरॉय होते. त्यांच्या पत्नीने १८८५ मध्ये हिंदुस्थानातल्या बायकांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून निधी उभारला. त्यातून जनानी इस्पितळं निघाली आणि मुलींना वैद्यकी शिकायला मदत झाली. नवऱ्याच्या नावाची बोट मात्र फक्त मुलांची. एकाच नावाची दोन दारं. दवाखान्याच्या दारातून बाई आत गेली. समुद्राचं दार तिला उघडायला आणखी जवळजवळ सत्तर वर्षं लागली.

मधल्या काळात शाळा वाढली. १९४८ मध्ये मुंबईत, समुद्रावर काम केलेल्यांना पुढच्या परीक्षांसाठी शिकवणारं कॉलेज निघालं. ते आज लालबहादूर शास्त्री यांच्या नावाने ओळखलं जातं. १९४९ मध्ये मरीन इंजिनिअर घडवणारी संस्था मुंबई आणि कलकत्ता इथे सुरू झाली. खलाशांसाठीही शिक्षणाची जहाजं आली. भद्रा, मेखला अशी त्यांची नावं. म्हणजे दलालाच्या खोलीत थांबून नव्हे तर शिकून बोटीवर चढायची वाट खालच्या पायरीलाही मिळाली. १९७२ मध्ये म्हाताऱ्या डफरीनची जागा राजेंद्र या जहाजाने घेतली. १९९३ मध्ये शाळा पाण्यावरून जमिनीवर आली, नवी मुंबईत नेरूळजवळ करावे इथे. तिचं नाव चाणक्य. २००८ मध्ये या सगळ्या सरकारी संस्था भारतीय सागरी विद्यापीठात एकत्र आल्या. त्याचं मुख्य ठिकाण चेन्नई.

आता मुलींची गोष्ट. १९९५ मध्ये सोनाली बॅनर्जी नावाची मुलगी प्रवेश परीक्षा पास होऊन कलकत्त्याच्या मरीन इंजिनिअरिंग संस्थेत गेली. दीड हजार मुलांत ती एकटी. संस्थेपुढे पहिला प्रश्न अभ्यासाचा नव्हता, तिला राहायला कुठे ठेवायचं हा होता. मुलींचं वसतिगृहच नव्हतं! शेवटी अधिकाऱ्यांच्या निवासात सोय झाली. १९९९ मध्ये ती शिकून बाहेर पडली आणि देशातली पहिली महिला मरीन इंजिनिअर म्हणून ओळखली गेली. आम्हाला हे वाचून हसू आलं आणि रागही आला. आमच्या तालुक्यात मुलींचं शिक्षण अडतं तेही याच प्रश्नावर. डोकं आहे, मार्क आहेत, राहायचं कुठे?

दुसरी केरळच्या राधिका मेनन. त्या बोटीवर गेल्या रेडिओ ऑफिसर म्हणून. संदेश घेणं आणि पाठवणं हे काम. पुढे रेडिओ ऑफिसरचं पदच बोटींवरून जाऊ लागलं. त्या घरी बसल्या नाहीत. पुन्हा अभ्यास केला, मेटच्या परीक्षा दिल्या, मास्टरचं सर्टिफिकेट मिळवलं आणि २०१२ मध्ये व्यापारी जहाजाच्या कॅप्टन झाल्या. जून २०१५ मध्ये त्या संपूर्ण स्वराज्य नावाचं तेलवाहू जहाज घेऊन ओडिशाच्या किनाऱ्याजवळून चालल्या होत्या. समुद्र खवळलेला. तिथे दुर्गम्मा नावाची मासेमारीची होडी दिसली. इंजिन बंद, नांगर गेलेला, अन्न-पाणी वाहून गेलेलं, आत सात जण. एवढं मोठं जहाज छोट्या होडीजवळ न्यायचं म्हणजे होडीच चिरडण्याची भीती. पहिला प्रयत्न फसला, दुसरा फसला. तिसऱ्यांदा दोराच्या शिडीवरून सातही जण वर आले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार २०१६ मध्ये त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

हा प्रसंग आम्ही बैठकीत वाचून दाखवला तेव्हा कोळीवाड्यातल्या बायका गप्प झाल्या. एक जण म्हणाली, "ती बाई त्या दिवशी तिथे नसती तर सात घरं बसली असती." आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नाही ते आम्हाला कळलं नाही.

तरी चित्र फार बदललंय असं आम्ही म्हणणार नाही. २०२१ च्या एका आंतरराष्ट्रीय अहवालात जगभरातल्या बोटींवर २४,०५९ बायका मोजल्या. म्हणजे शंभरात एक-सव्वा. बोटीवर महिनोन् महिने एकटी बाई असते, त्रास होतो, तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न असतो. मुलीला हे लपवून पाठवू नये. सांगून पाठवावं.

आता कामाच्या चार गोष्टी, कारण ऐकणाऱ्यांच्या घरात बारावीची मुलं-मुली असतील.

अधिकारी व्हायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं आणि इंग्रजी चांगलं हवं. सागरी विद्यापीठाची सामाईक प्रवेश परीक्षा असते. डेकच्या बाजूला जायचं तर डोळे उत्तम लागतात. रंग ओळखता आले नाहीत तर ही वाट बंद. म्हणून सगळ्यात आधी डोळे तपासा, फी नंतर भरा. एक वर्षाचा डिप्लोमा केला तर पुढे अठरा महिने कॅडेट म्हणून बोटीवर, तीन वर्षांची पदवी केली तर बारा महिने. मग सेकंड मेटची परीक्षा. पुढे चीफ मेट, पुढे मास्टर. इंजिनच्या बाजूला चार वर्षांची पदवी. दहावीनंतर जायचं असेल तर सहा महिन्यांचा रेटिंगचा कोर्स आहे. वयाची अट असते आणि मुलींना तीत दोन वर्षांची सवलत आहे.

पण कोर्स झाला म्हणजे बोट मिळाली असं नाही. शिकलेले कितीतरी कॅडेट बोटीची वाट बघत घरी बसलेले आहेत. म्हणून कॉलेजला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की कॅडेटला बोटीवर कोणती कंपनी घेणार आणि ते लेखी देणार का? दुसरा प्रश्न, नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे का? ती त्यांच्या यादीत स्वतः बघायची, कॉलेजच्या पाटीवर नव्हे. आणि तिसरी गोष्ट मावशींसाठी. बोटीवर भरती करणाऱ्या कंपनीकडे सरकारी परवाना लागतो आणि परवानाधारकाला खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेता येत नाहीत. नोकरीचे पैसे मागितले, की तिथून उठायचं. तो शंभर वर्षांपूर्वीचा दलालच आहे, फक्त आता त्याच्याकडे ऑफिस आणि एसी आहे.

हे सगळं वाचल्यावर आम्हाला मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आमच्या पणजोबांचे पैसे दलालाच्या हातात गेले, कारण शाळा नव्हती. शाळा आली ती भांडून आली. मुलींना ती मिळाली ती आणखी उशिरा. आता ती असताना आपण पुन्हा दलालाच्या दारात का उभं राहायचं?

बैठकीत मतदान झालं. गटाने ठरवलं की परीक्षेचा फॉर्म, डोळ्यांची आणि डॉक्टरी तपासणी आणि मुंबईला जाण्या-येण्याचा खर्च, एवढ्यासाठी ताईंना कर्ज द्यायचं. नेहमीच्या व्याजाने, नेहमीच्या हप्त्याने. फीचा विचार प्रवेश मिळाल्यावर, आणि त्याआधी कॉलेजचे कागद आम्ही तिघी जाऊन बघणार. शिक्षणकर्जासाठी बँकेतही आम्हीच बरोबर जाणार. मावशींनी या ठरावाला हात वर केला. एजंटाची लेखी तक्रार करायला त्या आता तयार झाल्या आहेत. ते काम पुढच्या आठवड्यात.

आजींनी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. घरी जाताना त्यांनी त्या मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पोहता येतं का गो तुला?" ती म्हणाली, "येतं." आजी म्हणाल्या, "मग खाडीत नको, भरतीत पोहून दाखव."

तिची परीक्षा अजून व्हायची आहे. काय झालं ते याच रेडिओवर तुम्हाला सांगू.